वऱ्हाडची इमादशाही : सुभेदारीतून उभे राहिलेले राज्य आणि त्याचा अस्त

बहमनी राज्य मोडले आणि त्यातून विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही अशा पाच शाह्या निर्माण झाल्या, हे महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थी शाळेत पाठ करतो. आदिलशाही आणि निजामशाही शिवकालाच्या इतिहासामुळे मराठी वाचकाच्या परिचयाच्या असतात, कुतुबशाहीला हैदराबादने जिवंत ठेवले आहे. इमादशाही मात्र त्या पाठांतरापुरतीच उरते, आणि हे खुद्द वऱ्हाडातही खरे आहे. या विस्मरणाचे एक कारण उघड आहे. पाचांपैकी सर्वांत आधी, १५७४ मध्ये, हेच राज्य नाहीसे झाले. बिदर १६१९ पर्यंत, निजामशाही १६३६ पर्यंत, विजापूर १६८६ पर्यंत आणि गोवळकोंडा १६८७ पर्यंत टिकले. काळी कसदार जमीन, गाविलगड आणि नरनाळा यांसारखे दोन बलाढ्य किल्ले आणि अचलपूरसारखी जुनी राजधानी हाताशी असताना हे राज्य सर्वांत आधी का बुडाले, हे कोडे सोडवायचे तर ते राज्य मुळात कसे घडले, येथून सुरुवात करावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्याच्या वाचकाला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. बाभुळगावाशेजारचे कळंब आज चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे ओळखले जाते. पण अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली तेव्हा वऱ्हाड सुभ्यातील तेरा सरकारांपैकी, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या महसुली विभागांपैकी, एक सरकार ‘कलम’ या नावाने, म्हणजे याच कळंबच्या नावाने, नोंदले गेले. हे जुने आणि महत्त्वाचे शहर असून तेथील म्हशी प्रसिद्ध आहेत, असे अबुल फजल सांगतो आणि लगेच जवळच्या चांद्याच्या गोंड राजाच्या मोठ्या सैन्याचा उल्लेख करतो. वर्धा नदीच्या अलीकडचा हा मुलूख राज्याची कड होता. पलीकडे गोंडांचे अरण्य सुरू होत होते.

तरफदार म्हणजे कोण

१३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याचे चार मोठे विभाग होते : गुलबर्गा, दौलताबाद, बिदर आणि वऱ्हाड. अशा विभागाला ‘तरफ’ आणि त्याच्या अधिकाऱ्याला ‘तरफदार’ म्हणत. तरफदार आपल्या भागाचा महसूल गोळा करी, त्यातून ठरलेले घोडदळ आणि पायदळ पोसत असे, किल्ल्यांवर आपली माणसे नेमी, युद्धप्रसंगी सुलतानाच्या हाकेला फौज घेऊन जाई आणि उरलेला वसूल राजधानीकडे पाठवी. पैसा, सैन्य आणि किल्ले या राजसत्तेच्या तिन्ही गोष्टी रोजच्या व्यवहारात त्याच्याच हातात असत. राजाकडे राहत असे ती फक्त नेमणुकीची आणि बडतर्फीची सत्ता, आणि ती चालवण्यासाठी राजा स्वतः खंबीर असावा लागे.

परगावी राहणाऱ्या मालकाचे शेत बटईने करणारा माणूस जसा पेरणीपासून मळणीपर्यंत सारे स्वतः पाहतो आणि मालकाला वाटा पोचवतो, तशी ही व्यवस्था होती. मालकाच्या घरात भांडण लागून वाटा मागायला कोणी येईनासे झाले, की शेत कसणाऱ्याचेच होऊन बसते, आणि ते नेमके कोणत्या दिवशी झाले हे गावाला सांगता येत नाही. इमादशाहीच्या स्थापनेचे वर्ष काही ग्रंथांत १४८४ आणि बहुतेकांत १४९० दिलेले आढळते, त्यामागे हेच कारण आहे.

हा धोका बहमनी दरबारात कोणाला दिसला नव्हता असे नाही. वजीर महमूद गवान याने चार तरफांचे आठ केले आणि वऱ्हाडचेही गाविल व माहूर असे दोन भाग पाडले. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांचे किल्लेदार थेट सुलतानाने नेमावेत, प्रत्येक तरफेतील काही गावे सुलतानाच्या खास खर्चासाठी राखून ठेवावीत आणि जमिनीची मोजणी करून महसूल ठरवावा, अशी ही सुधारणा होती. तिने सरदारांच्या मर्मावरच बोट ठेवले. एका बनावट पत्राच्या आधारे गवानवर द्रोहाचा आरोप झाला आणि एप्रिल १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला. पुढच्याच वर्षी सुलतान तिसरा मुहम्मदही मरण पावला आणि गादीवर बारा वर्षांचा महमूदशहा आला. मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासात याहून अधिक दूरगामी परिणाम करणारी दुसरी हत्या दाखवणे कठीण आहे, कारण जी सुधारणा राज्य एकत्र ठेवू शकली असती, ती गवानबरोबरच संपली.

युद्धकैदी मुलापासून राज्यसंस्थापकापर्यंत

गाविल विभागाचा तरफदार होता फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, तो मूळचा विजयनगरच्या कानडी मुलखातील हिंदू घराण्याचा मुलगा. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने विजयनगरवर केलेल्या स्वारीत १४२२-२३ च्या सुमारास तो पकडला गेला, वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी मुसलमान म्हणून वाढला, त्याच्या खास पथकात शिरला आणि गवानच्या आश्रयाने स्वतः वऱ्हाडचा अधिकारी झाला. राजघराणे नाही, जुने वतन नाही, स्वतःच्या जमातीची फौज नाही. केवळ नोकरीतील बढतीच्या पायऱ्या चढून माणूस राज्यसंस्थापक होऊ शकला, हे पंधराव्या शतकातील दख्खनचे विशेष लक्षण आहे.

त्याने बांधलेले दोन दरवाजे त्याच्या स्थितीविषयी कोणत्याही बखरीपेक्षा अधिक सांगतात. अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचा देखणा महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. तो बांधला फतहुल्लाने, पण त्यावरील लेखात राज्यकर्ता म्हणून नाव आहे बहमनी सुलतान महमूदशहाचे. सत्ता हातात आली होती, पण नाव अजून धन्याचेच चालत होते. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह आणि हत्ती यांच्यासह गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, कोरलेला आहे. हे चिन्ह विजयनगर आणि कर्नाटकात राजसत्तेचे म्हणून रूढ होते, आणि बालपणीच त्या मुलखातून आणलेल्या माणसाच्या किल्ल्यावर ते दिसावे, यात अभ्यासकांना त्याच्या मूळ घराची खूण वाटते.

१४९० मध्ये अहमदनगरचा मलिक अहमद, विजापूरचा युसूफ आदिलखान आणि फतहुल्ला यांनी आपापल्या मुलखात स्वतंत्रपणे कारभार सुरू केला, असे परंपरा मानते. स्वातंत्र्याची त्या काळची खूण म्हणजे खुतबा. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मशिदीत जे प्रवचन होते, त्यात ज्याचे नाव घेतले जाई तो त्या मुलखाचा राजा समजला जाई. ही गोष्ट पुढे इमादशाहीच्या दुर्दशेतही महत्त्वाची ठरणार होती.

चौकट : इमादशाहीची राजावळ
फतहुल्ला इमाद-उल-मुल्क : १४९० ते १५०४ (काही अभ्यासक त्याचा मृत्यू १५१० मध्ये मानतात)
अलाउद्दीन इमादशहा : सुमारे १५३० पर्यंत
दर्या इमादशहा : सुमारे १५३० ते १५६२
बुऱ्हाण इमादशहा : १५६२ ते १५७४ (अल्पवयीन; प्रत्यक्ष सत्ता तुफालखानाकडे)
राजधानी : अचलपूर (एलिचपूर). मुख्य किल्ले : गाविलगड आणि नरनाळा

भरलेले कोठार, पण बंद वाडा

राज्याच्या ताकदीचा पाया वऱ्हाडची जमीन हाच होता. उत्तरेस सातपुड्याचे गाविलगड डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधले पूर्णेचे खोरे म्हणजे पायनघाट, अर्थात घाटाखालचा प्रदेश. त्याच्या दक्षिणेचे वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळकडील पठार म्हणजे बालाघाट, घाटावरचा प्रदेश. पायनघाटातील काळ्या जमिनीचा महसूल भरघोस आणि बराचसा खात्रीचा होता. संकटकाळी त्याचे रक्षण करण्यासाठी सातपुड्याच्या कड्यांवर गाविलगड आणि नरनाळा होते. गाविलगड उभारण्याचे आणि नरनाळा दुरुस्त करण्याचे श्रेय अहमदशहा वलीला दिले जाते, आणि माहूर व कळंब ही ठाणीही त्याच काळात, १४२५ च्या सुमारास, बहमनी अमलाखाली आली होती. म्हणजे फतहुल्लाला धान्य आणि तट दोन्ही तयार मिळाले.

मिळाली नाही ती वाढायला जागा. उत्तरेस सातपुड्याचे अरण्य, पूर्वेस वर्धेपलीकडे गोंडांची राज्ये, पश्चिमेस खानदेशचे फारुकी आणि अहमदनगरचे निजामशहा, दक्षिणेस बिदर आणि आग्नेयेस गोवळकोंडा असा हा वेढा होता. इतर शाह्यांना एकेक बाजू मोकळी होती : विजापूर कृष्णा-तुंगभद्रेच्या दिशेने पसरू शकत होते, गोवळकोंडा पूर्व किनाऱ्यापर्यंत गेले, अहमदनगरला कोकणात चौल बंदर होते. बंदराचे महत्त्व केवळ व्यापारापुरते नव्हते. दख्खनच्या लढाया घोडदळावर चालत आणि उत्तम घोडे अरबस्तान व इराणातून समुद्रमार्गे येत. इराणी, तुर्क आणि हबशी लढवय्येही त्याच वाटेने येत. वऱ्हाडला हे सारे शेजाऱ्यांच्या नाक्यांवरून मिळवावे लागे, आणि शेजारी शत्रू झाला की ती वाट बंद होई. समृद्ध जमीन राज्याला मोठे करते ती फौजेच्या रूपाने; फौजेचा पुरवठाच दुसऱ्याच्या हातात असेल तर तीच समृद्धी शेजाऱ्याला आमंत्रण देते. इमादशाहीच्या अस्ताचे मूळ कारण येथे आहे. राजांचे दोष त्यानंतर येतात.

पाथरीचे भांडण

हे आमंत्रण अहमदनगरने पाथरीच्या निमित्ताने स्वीकारले. आज परभणी जिल्ह्यात असलेली पाथरी इमादशाही मुलखात होती, पण निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, अशी त्या घराण्याची धारणा होती. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने पूर्वजांचे गाव म्हणून पाथरी मागितली आणि बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. अलाउद्दीन इमादशहाने नकार देऊन तेथे तटबंदी वाढवली, तेव्हा १५१८ मध्ये बुऱ्हाणने ती जिंकून घेतली. १५२७ मध्ये अलाउद्दीनने ती परत मिळवली, पण बुऱ्हाणने बिदरच्या अमीर बरीदला सोबत घेऊन पुन्हा हल्ला केला, पाथरीचा किल्ला पाडला आणि माहूरही घेतले.

एकटे लढणे शक्य नाही हे ओळखून अलाउद्दीनने गुजरातच्या बहादूरशहाला बोलावले. तो १५२८ मध्ये मोठे सैन्य घेऊन आला आणि त्याच्या वर्तनावरून तो मदत करून परत जाण्यासाठी आला नसावा, अशी भीती बोलावणाऱ्यालाच वाटू लागली. अखेर वऱ्हाडात आणि अहमदनगरात त्याच्या नावाचा खुतबा वाचून त्याला परत पाठवावे लागले. ज्या नावाच्या उच्चाराने राज्य स्वतंत्र झाले होते, ते नाव अवघ्या अडतीस वर्षांत काही काळ का होईना परक्याचे झाले. दोन शत्रूंविरुद्ध तिसरा आणायचा, तर तो तिसरा दोघांपेक्षा बलवान असावा लागतो, आणि तसा असेल तर तोच सर्वांत मोठा धोका ठरतो. या पेचातून लहान राज्यांना सुटका क्वचितच मिळते.

दर्या इमादशहाने तलवारीऐवजी सोयरीक वापरली. त्याची बहीण विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाला दिली गेली आणि मुलगी १५५८ मध्ये हुसेन निजामशहाला. त्याच्या कारकिर्दीत राज्याला तुलनेने स्वस्थता लाभली आणि या धोरणाचे श्रेय त्याला द्यायला हवे. मात्र सोयरिकीने मिळालेली शांतता त्या त्या राजाच्या हयातीपुरती असते. अहमदनगरवर विजयनगरचा रामराय, विजापूर आणि गोवळकोंडा यांनी मिळून स्वारी केली, तेव्हा वऱ्हाडचा सेनापती जहांगीरखान हुसेनच्या मदतीला धावला आणि त्याने शत्रूची रसद तोडली. पुढे तहाच्या अटींत रामरायाने याच जहांगीरखानाचा जीव मागितला आणि हुसेनने आपल्या या साहाय्यकाला ठार करवले. हा विश्वासघात वऱ्हाड विसरले नाही. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध चार शाह्या एकत्र आल्या, त्यांत पाचवी नव्हती ती यामुळे.

राग समजण्यासारखा होता, परिणाम मात्र घातक झाला. विजयनगर कोसळताच दख्खनमधील तोल बदलला. तोवर प्रत्येक शाहीला दक्षिणेकडे लक्ष ठेवावे लागे आणि त्या धाकापोटी लहान शेजाऱ्यांना जगू दिले जाई. आता तो धाक राहिला नाही. विजयाच्या लुटीत वऱ्हाडला वाटा नव्हता, विजेत्यांच्या मैत्रीत स्थान नव्हते. लवकरच अहमदनगर आणि विजापूर यांनी मिळून वऱ्हाडवर चाल केली. ती द्रव्य देऊन कशीबशी टाळता आली. पुढे दोघांनी समजूतच करून टाकली की विजापूरने दक्षिणेत विजयनगरचा मुलूख जिंकावा आणि अहमदनगरने वऱ्हाड घ्यावे.

कैदेतला राजा आणि फितूर झालेला किल्ला

याच वेळी गादीवर अज्ञान राजा असावा, हे दुर्दैव होते. १५६२ मध्ये दर्या मरण पावला तेव्हा बुऱ्हाण लहान होता. कारभारी तुफालखान याने आधी सत्ता आणि मग राजालाच ताब्यात घेऊन नरनाळ्यावर कैदेत ठेवले. फतहुल्लाने दुबळ्या सुलतानाकडून जे मिळवले, तेच तुफालखान फतहुल्लाच्या वंशजाकडून मिळवू पाहत होता. अधिकाऱ्याच्या हाती पैसा, सैन्य आणि किल्ले एकवटू देणारी व्यवस्था बहमनींकडून इमादशाहीने जशीच्या तशी घेतली होती. गवानची सुधारणा येथेही कोणी केली नाही.

मुर्तझा निजामशहाला हे निमित्त पुरेसे होते. बुऱ्हाणला सोडून त्याला राज्य द्या, अशी मागणी करून त्याने १५७२ च्या सुमारास स्वारी सुरू केली. राजाच्या सुटकेसाठी म्हणून आलेले हे सैन्य प्रत्यक्षात राज्य घेण्यासाठी आले होते. तुफालखान नरनाळ्यात आणि त्याचा मुलगा गाविलगडात शिरला. तुफालखानाने अकबराकडे मदत मागितली. अकबर तेव्हा गुजरातच्या मोहिमेत होता, त्याने वकील पाठवला, पण मुर्तझाने त्याची दखल घेतली नाही. नरनाळा सरळ हल्ल्याने पडेना, तेव्हा निजामशाही वजीर चंगीझखान याने एका व्यापाऱ्यामार्फत पैसे पोचवून किल्ल्यातील माणसे फोडली, आणि १५७४ मध्ये किल्ला पडला. तुफालखान पळाला पण लवकरच पकडला गेला, गाविलगडही शरण आला, आणि बुऱ्हाण व तुफालखान दोघेही निजामशाही कैदेत मरण पावले. खानदेशच्या फारुकी सुलतानाने इमादशाहीचा एक दावेदार पुढे करून पाहिला, त्याचाही उपयोग झाला नाही.

दूरदेशीचे त्याच घडणीचे राज्य

वऱ्हाडचा हा अनुभव एकमेव नाही, हे पाहण्यासाठी युरोपातील सिसिली बेटाकडे वळणे उपयोगाचे ठरते. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडीतून ओतव्हिल घराण्याचे भाऊ दक्षिण इटलीत भाडोत्री सैनिक म्हणून गेले. त्यांपैकी रॉबर्ट गिस्कार १०५९ मध्ये पोपच्या मान्यतेने ड्यूक झाला, १०६१ मध्ये त्याने आणि धाकट्या रॉजरने अरबांच्या ताब्यातील सिसिलीवर पाऊल ठेवले, १०७२ मध्ये पालेर्मो घेतले आणि १०९१ पर्यंत सारे बेट जिंकले. रॉजरचा मुलगा दुसरा रॉजर २५ डिसेंबर ११३० रोजी पालेर्मोत राजा म्हणून अभिषिक्त झाला. फतहुल्लाप्रमाणेच हेही परक्या मुलखातून आलेले, नोकरीतून वर चढलेले लोक होते, आणि त्यांनीही आधीच्या राज्यकर्त्यांचा कारभार मोडला नाही : दरबारी कागद लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत निघत, महसुली कचेरी अरबी पद्धतीने चाले आणि अल-इद्रीसी या मुसलमान भूगोलवेत्त्याने ११५४ मध्ये जगाचे वर्णन आणि नकाशे राजासाठीच पूर्ण केले.

तरीही राज्य टिकले चौसष्ट वर्षे. ११८९ मध्ये दुसरा विल्यम निपुत्रिक वारला. त्याची आत्या कॉन्स्टन्स आधीच जर्मन राजपुत्र हेन्रीला दिलेली होती, आणि त्या सोयरिकीच्या हक्काने हेन्रीने दावा लावला. स्थानिक सरदारांनी गादीवर बसवलेला टँक्रेड ११९४ मध्ये मरण पावला, मागे लहान मुलगा राहिला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला हेन्रीने पालेर्मोत मुकुट धारण केला. वऱ्हाडला नसलेला समुद्र सिसिलीभोवती चारही बाजूंनी होता, तरी अज्ञान वारस आणि सोयरिकीतून आलेला बलवान दावेदार यांच्यापुढे त्याचा उपयोग झाला नाही. दोन्ही राज्यांचा पैसा शेवटपर्यंत शाबूत होता. तुटली ती वारशाची साखळी. फरक एवढाच की सिसिलीच्या राजांनी कचेरी इतकी पक्की बांधली की त्यांच्या नातवंडांच्या काळातही ती चालू राहिली, तर इमादशहांनी आपले बळ मुख्यतः तट आणि दरवाजे यांत घातले.

नंतरचे वऱ्हाड

अहमदनगरला वऱ्हाड फार काळ पचले नाही. १५७७ मध्ये गाविलगडावर नवा बुरूज चढला, पण १५९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरला घातलेला वेढा उठवण्यासाठी चांदबिबीला हाच प्रांत शहाजादा मुरादला द्यावा लागला. गाविलगड आणि नरनाळा त्यानंतर दोन-तीन वर्षांत मोगलांकडे गेले. मोगलांनी प्रांताची तेरा सरकारे नोंदली तेव्हा गाविल, नरनाळा, माहूर, पाथरी आणि कलम ही इमादशाहीच्या काळातली ठाणीच त्यांच्या शीर्षस्थानी राहिली. आजचे यवतमाळही त्या दप्तरात ‘योत-लोहारा’ या परगण्याच्या नावाने सापडते.

इमादशाहीवर स्वतंत्र असे मराठी लेखन थोडे आहे आणि जे कळते ते बहुतांशी विजेत्यांच्या दरबारात लिहिलेल्या फारसी ग्रंथांतून कळते, त्यामुळे दगडावरील लेखांचे मोल येथे अधिक आहे. महाकाली दरवाजा आणि दिल्ली दरवाजा आजही उभे आहेत. परंतु कळंब, बाभुळगाव आणि माहूरकडील गावांत ढासळत्या गढ्या, जुन्या विहिरी आणि दर्ग्यांच्या भिंतींवर जे काही कोरलेले शिल्लक असेल, त्याची छायाचित्रे आणि ठसे येथील शाळा-महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आताच घेऊन ठेवले पाहिजेत, कारण चुन्याचा एक हात फिरला की त्यावरचे अक्षर पुन्हा वाचता येत नाही.